एल्डरबेरी: पानं भरभरून, फूल एकही नाही. छाटणीत चुकतंय का?

दहिवर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. घरामागच्या कुंपणालगत माझी एल्डरबेरीची तीन झुडपं आहेत. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी वीतभर काड्या दिल्या, त्या लावल्या आणि तिन्ही जगल्या. जात कोणती हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी मी त्यांना हात लावला नाही. मग वाचनात आलं की पानगळ झाल्यावर एल्डरबेरी जमिनीपासून चार बोटांवर कापून टाकायची, म्हणजे नव्या धुमाऱ्यांवर मोठे घोस येतात. दोन हिवाळे तसंच केलं.

थंडी सरली की धुमारे असे सरसरून येतात की बघत राहावं. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या डोक्याच्या वर जातात. पानं गर्द हिरवी, कीड नाही, रोग नाही. पण फूल म्हणाल तर एकही नाही. ऊन पाच-सहा तास मिळतं, वर्षातून दोनदा कंपोस्ट घालते, पाणी नियमित आहे. नत्र जास्त होतंय का? की ऊन कमी पडतंय?

या झुडपांवर माझा फार जीव आहे. त्यामुळे उपटून दुसरी लावा, असं कृपया सुचवू नका.

सुतारपक्षी

पानं एवढी गर्द आणि फूल नाही म्हणजे मला नत्राचाच संशय येतो. वर्षभर कंपोस्ट बंद ठेवून बघा. ऊन मात्र पुरेसं वाटतंय. एल्डर अर्धवट सावलीतही फुलतं, फळ थोडं कमी धरतं इतकंच.

बांधावरचा

दहिवर ताई, कंपोस्टला दोष देऊ नका. एल्डरबेरी खादाड झुडूप आहे, चांगलं खत त्याला मानवतं. माझ्या मते चूक कात्रीची आहे, आणि ती चूक होण्याचं कारण म्हणजे एल्डरबेरी या एका नावाखाली दोन वेगळ्या सवयींची झुडपं विकली जातात.

एक अमेरिकन, सँब्युकस कॅनाडेन्सिस. त्याच वर्षी जमिनीतून वर आलेल्या धुमाऱ्याच्या शेंड्यालाही ते फुलतं. म्हणून अमेरिकेत, विशेषतः मिसुरीकडचे शेतकरी, दर हिवाळ्यात सगळं झुडूप जमिनीलगत कापतात. त्यामुळे फळ एका वेळी पिकतं, घोस मोठे येतात आणि जुन्या लाकडातली कीडही जाते. तुम्ही वाचलेला सल्ला या झुडपासाठी अगदी बरोबर आहे.

दुसरं युरोपियन, सँब्युकस नायग्रा. त्याची फुलं मागच्या वर्षी वाढलेल्या काडीला फुटणाऱ्या आडफांद्यांवर येतात. त्याचा या वर्षीचा धुमारा फक्त वाढतो, फुलतो पुढच्या वर्षी. तुमची झुडपं नायग्रा असतील तर दर हिवाळ्यात तुम्ही पुढच्या वर्षीची फुलंच कापताय.

काही वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकन एल्डरला नायग्राची उपजातच मानतात. पुस्तकात ते एक असो वा दोन, कात्री चालवताना त्यांना वेगळंच धरायला हवं.

आता तीन गोष्टी बघून सांगा. एका पानात पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं, किती आहेत? बुंध्यापासून दोन-तीन फूट लांब जमिनीतून नवे कोंब निघतात का? आणि काडी आडवी कापली तर आतलं भेंड पांढरं आहे की तपकिरी?

निळीशाई

भेंडाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. भेंड तपकिरी असेल आणि पुढे कधी फुलं आली तेव्हा तुरा सपाट न येता शंकूसारखा उभट आला, तर ते लाल फळांचं एल्डर, सँब्युकस रेसमोसा. त्याच्या बिया जास्त विषारी असतात, खाण्यासाठी ते धरूच नये. नायग्रा आणि कॅनाडेन्सिस दोन्हींचं भेंड पांढरंशुभ्र आणि तुरा छत्रीसारखा पसरट असतो.

भेंडाबद्दल थोडं अवांतर, मला राहवत नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पानाचा पातळ छेद घ्यायचा तर ते पान एल्डरच्या भेंडाच्या तुकड्यात धरून पात्याने कापायची जुनी रीत आहे. स्थिरविद्युत दाखवायला रेशमी दोऱ्याला टांगतात त्या हलक्या गोळ्याही याच भेंडाच्या असत. घड्याळजी बारीक चाकांची टोकं भेंडात खुपसून साफ करत. फळ मिळायच्या कितीतरी आधी हे झुडूप कामाला येतं.

दहिवर

आत्ताच बघून आले. बहुतेक पानांत पाच पर्णिका, क्वचित सात. लांबवर एकही कोंब नाही, सगळे बुंध्यातूनच. भेंड पांढरं. आणि एक गोष्ट आधी लिहायची राहिली. पहिल्या हिवाळ्यात कापलं नव्हतं, त्या वर्षीच्या एका काडीवर पुढे बारीक हिरव्या कळ्यांचा तुरा दिसला होता. झाड अजून लहान आहे, मुळांना बळ मिळू दे म्हणून मी तो खुडला.

बांधावरचा

मग कोडं सुटलं! खुडलात ते योग्यच केलंत. पहिली एक-दोन वर्षं फुलं खुडावीत, मुळं पसरतात. पण तो तुरा मागच्या वर्षीच्या न कापलेल्या काडीवर आला, त्यात पर्णिका पाच आणि झुडूप जागच्या जागी. माझं मत नायग्रा. अमेरिकन असतं तर बहुतेक पानांत सात पर्णिका दिसल्या असत्या आणि मुळावरचे कोंब एव्हाना कुंपणापलीकडे गेले असते.

या हिवाळ्यात काय करा ते लिहितो. प्रत्येक झुडपात जाड, सरळ आणि एकमेकींना न घासणाऱ्या पाच-सहा काड्या निवडा. बाकीच्या बारीक काड्या बुडाशी कापा. निवडलेल्यांचे शेंडे मात्र छाटू नका. पुढच्या मोसमात त्यांच्या आडफांद्या फुलतील आणि बुंध्यातून नवे धुमारेही येतील. त्यातलेही दोन-तीन ठेवा. असं करत झुडपात एक, दोन आणि तीन वर्षांच्या काड्या सारख्या संख्येत राहायला हव्यात. तीन वर्षं पूर्ण झालेली काडी बुडाशी कापायची, कारण त्यापुढे तिचं फळ घटतं आणि लाकडात कीड शिरते.

कात्री सुप्तावस्थेतच चालवा, डोळे फुगायच्या आधी. आणि वाढ रोखायला म्हणून भर उन्हाळ्यात शेंडे मारू नका, पुढच्या वर्षीची फुलं त्याच काड्यांत तयार होत असतात.

सुतारपक्षी

माझा नत्राचा अंदाज चुकला. ही माहिती मलाही नवी आहे. जमलं तर धाग्याच्या शीर्षकात ‘नायग्रा’ घाला, शोधणाऱ्याला सापडेल.

ओलीमाती

धागा उशिरा पाहिला. मी छोट्या शेतात अमेरिकन एल्डर करतो, दोनशेच्या आसपास झुडपं. ज्यांना चार झुडपांच्या पुढे जायचंय त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितो.

आधी जातींबद्दल. अमेरिकन जातींत जुनं नाव अ‍ॅडम्स. न्यूयॉर्क राज्यातल्या रानझुडपांतून निवडलेली ती जात १९२६ मध्ये बाहेर आली. नोव्हा ही अ‍ॅडम्सच्याच रोपांतून कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातल्या केंटव्हिल संशोधन केंद्रात निवडली गेली. थंड हवेत या जाती चांगल्या. अलीकडच्या दोन म्हणजे वाइल्डवुड आणि बॉब गॉर्डन, २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. दर हिवाळ्यात जमिनीलगत कापायची पद्धत त्यांना उत्तम मानवते. बॉब गॉर्डनचा घोस पिकला की खाली मान टाकतो, त्यामुळे पक्ष्यांना त्यावर बसून खाणं अवघड जातं. युरोपियनमध्ये ऑस्ट्रियाची हाशबर्ग आणि डेन्मार्कच्या सामदाल, सामिल या व्यापारी जाती. तिकडे रसाइतकाच त्याच्या जांभळ्या रंगालाही उद्योगात मान आहे.

कुठलीही घ्या, पण दोन वेगळ्या जाती शेजारी लावा. एकटं झुडूपही थोडं धरतं, पण परागीकरणाला दुसरी जात जवळ असेल तर घोस भरतो. दहिवर ताई, तुमच्या तिन्ही काड्या एकाच झाडाच्या असतील तर त्या तीन झुडपांना एकच जात समजा. चौथं झुडूप वेगळ्या जातीचं आणा.

अंतर: अमेरिकन झुडपांत चार फूट आणि ओळींत दहा-बारा फूट. ओळ दोन-तीन वर्षांत भिंतीसारखी भरून येते. युरोपियन पसरट आणि उंच होतं, त्याला दुप्पट-तिप्पट जागा द्या.

आता ज्यात बहुतेक जण मार खातात ते सांगतो. एल्डरची मुळं उथळ असतात, तंतूंसारखी, मातीच्या वरच्या थरातच पसरलेली. म्हणून गवत त्याचं पाणी आणि खत आधी पळवतं, आणि गवत काढायला खुरपं खोल गेलं तर मुळंच तुटतात. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं. दर पंधरा दिवसांनी मन लावून खुरपणी केली आणि रोपं गुडघ्याच्या वर गेली नाहीत. दुसऱ्या वर्षी खुरपं बंद करून चार बोटं जाडीचं लाकडी चिपाट्यांचं आच्छादन घातलं, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडली. त्याच रोपांनी त्या एका मोसमात छाती गाठली. पहिल्या दोन वर्षांत तण आणि पाणी एवढंच सांभाळलंत तरी पुरे.

ओढ्याकाठी रानात हे झुडूप दिसतं म्हणून लोक त्याला दलदलीत लावतात. ओल हवीच, पण पाणी साचून राहिलं तर मुळं कुजतात. मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ उत्तम, थोडा इकडेतिकडे चालतो.

बांधावरचा

आच्छादनाला माझंही अनुमोदन.

भुईचाफा

माझ्याकडे जमीन नाही, गच्ची आहे. मोठ्या कुंडीत येईल का? आणि बियांपासून करावं की काडीपासून?

ओलीमाती

कुंडीत येतं, पण कुंडी पन्नास-साठ लिटरची तरी हवी आणि उन्हाळ्यात रोज पाणी. उथळ मुळं कुंडीत लवकर सुकतात. फळ बेताचंच मिळेल.

बी नको. त्याला आधी दोन-तीन महिने उबदार ओल आणि मग तीन-चार महिने थंडी दाखवावी लागते, तेव्हा कुठे उगवतं. शिवाय रोप आईसारखं निघेल याची खात्री नाही. काडी सोपी. पानगळीनंतर, डोळे फुगायच्या आधी, वर्षभराच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापा. लांबी वीतभर, दोन-तीन पेरांची. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, कारण मुळं पेराशी फुटतात आणि पोकळसर भेंड उघडं राहिलं तर तिथून कुजतं. खालची पेरं मातीत, वरचं एक बाहेर. काडी उलटी लागू नये म्हणून मी खालचा काप तिरका आणि वरचा सपाट घेतो.

पान आधी फुटतं, मूळ नंतर. पान दिसलं म्हणून ओढून बघू नका. सहा-आठ आठवडे धीर धरा.

भुईचाफा

खूप आभार. फळ आलं की मुलांना झाडावरूनच तोडून खायला देता येईल, ही कल्पनाच किती छान आहे.

निळीशाई

भुईचाफा, हे करू नका. कृपया नीट वाचा.

एल्डरच्या पानांत, काड्यांत, मुळांत, कच्च्या फळांत आणि बियांत सँब्युनिग्रिनसारखी द्रव्यं असतात. ती पोटात फुटली की सायनाइड सुटतं. पिकलेल्या फळाच्या गरात त्यांचं प्रमाण फार कमी, पण बी आणि देठ सोबत जातातच. मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर हे नेहमीचे परिणाम, आणि मुलांचं वजन कमी असल्याने त्यांना धोका जास्त. हिरव्या फांदीची पिपाणी करून मुलांना तोंडात धरायला देणं हेही टाळा.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे परगण्यात एका दुर्गम जागी जमलेल्या लोकांनी रानातली एल्डरबेरी काही पानं आणि फांद्यांसकट चिरडून तिचा कच्चा रस प्यायला. थोड्याच वेळात माणसं आजारी पडली, आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. फळं ओळखीचीच होती. चूक पानं-फांद्या सोबत घेण्यात आणि न उकळण्यात झाली.

रीत अशी: पूर्ण पिकलेली, जवळजवळ काळी फळंच घ्यायची, देठ काढायचे, उघड्या भांड्यात नीट उकळायचं, मग गाळून बिया टाकून द्यायच्या. उकळल्याने ती द्रव्यं फुटून उडून जातात.

रानातून आणणार असाल तर ओळख पक्की हवी. एल्डरची पानं काडीवर समोरासमोर येतात आणि काडी लाकडी असून तिच्यावर बारीक उंचवटे असतात. वॉटर हेमलॉक नावाच्या जीवघेण्या झाडाचे पांढरे तुरे लांबून असेच दिसतात, पण त्याची पानं एकाआड एक असतात आणि खोड लाकडी नसतं. पोकवीड या विषारी झाडाची काळी फळं लांब दांड्यावर ओळीने लागतात, छत्रीसारखी नाही. दरवर्षी जमिनीपर्यंत मरून पुन्हा उगवणारं, उग्र वासाचं बुटकं एल्डरही आहे, सँब्युकस एब्युलस. तेही विषारी.

भुईचाफा

विचारलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने हात गार पडले. मनापासून आभार, निळीशाई. कुंडी मुलांचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवते.

सुतारपक्षी

सर्दी-तापावर याचं सरबत घेतात म्हणे. खरंच उपयोग होतो का?

निळीशाई

काही छोट्या अभ्यासांत फ्लूचे दिवस थोडे कमी झालेले दिसले, काहींत फरक दिसला नाही. ठोस पुरावा म्हणावा असं काही नाही. चवीसाठी आणि रंगासाठी जरूर करा, औषधाच्या जागी नको. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्तीवरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि बाटल्या भरून वर्षभर कपाटात ठेवायचा विचार असेल तर ऐका. एल्डरबेरी दिसते त्यापेक्षा कमी आंबट असते, तिचा सामू ४.६ च्या आसपास किंवा वरही जातो. त्या पातळीवर बंद बाटलीत बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. तपासलेल्या कृतीप्रमाणे लिंबाचा रस घालूनच डबाबंद करा, नाहीतर सरळ गोठवा.

दहिवर

तोडणीबद्दलही कुणी लिहाल का? आशेने विचारतेय.

ओलीमाती

घोसातला शेवटचा दाणा काळा झाला की अख्खा घोस देठासकट कात्रीने कापा. एक-एक दाणा तोडू नका, हात जांभळे होतात आणि दाणे फुटतात. तोडलेलं फळ काही तासांतच गरम होऊन आंबायला लागतं, म्हणून सकाळी तोडा आणि लगेच थंडीत ठेवा. घोस ताटात पसरून गोठवा. कडक झाले की हलवले तरी दाणे टपटप सुटतात आणि देठ हातात राहतात. मग दाणे पाण्यात टाका: पिकलेले बुडतात, हिरवे आणि पानांचे तुकडे तरंगतात, ते काढून टाका. भांड्यांना हिरवट चिकटा बसतो तो साबणाने जात नाही, आधी खायचं तेल चोळा.

एका भरलेल्या अमेरिकन झुडपाला पाच-सात किलो फळ मिळतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून.

पक्षी मात्र तुमच्या आधी उठतात. फळ रंगायला लागताच जाळी घाला, आणि ती ताणून बांधा. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात, ते बघवत नाही. ठिपकेदार पंखांची फळमाशी पिकत्या फळात अंडी घालते, तिच्यासाठी घोस वेळेवर तोडणं हाच पहिला उपाय. पानांवर नारिंगी फुगवटे दिसले तर तो तांबेरा. तो लव्हाळ्याच्या कुळातल्या गवतावर मुक्काम करून एल्डरवर येतो, तेव्हा आजूबाजूचं तसलं गवत काढा.

दहिवर

मंडळी, दीड वर्षाने धागा वर काढतेय. सांगितल्याप्रमाणे त्या हिवाळ्यात प्रत्येक झुडपात सहा काड्या ठेवल्या, शेंड्यांना हात लावला नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिन्ही झुडपं पांढरी झाली. मी मोजले, एकोणतीस तुरे. सकाळी दार उघडलं की वास आत येत होता. सरबतासाठी चार तुरे घेतले, बाकीचे फळासाठी सोडले. पण दाणे विरळ धरले, अर्ध्याहून जास्त घोस भरलेच नाहीत. ओलीमाती म्हणाले तसं एकच जात असणार. सामदालच्या दोन काड्या मागवून लावल्या आहेत, दोन्हींना पान फुटलंय आणि मी ओढून बघितलेलं नाही.

आता एक अडचण. या हिवाळ्यात कुठली काडी कितव्या वर्षाची हे ओळखू येईना. सालीचा रंग सारखाच वाटतो.

बांधावरचा

एकोणतीस! वाचून फार बरं वाटलं. बुडाशी बघा: जुन्या काडीची साल राखाडी आणि खरबरीत होते, भेगा पडायला लागतात, आणि तिला आडफांद्या असतात. या वर्षीची काडी सरळसोट, एकही फांदी नसलेली. तरी अडलंच तर दर हिवाळ्यात त्या वर्षीच्या नव्या काड्यांना बुडाशी एका रंगाची सुतळी सैल बांधत जा, दरवर्षी रंग वेगळा.

दहिवर

नव्या काड्यांना आज लाल बांधली. मागच्या वर्षीच्यांना पांढरी.